वाफ कुठे गेली?

तिसऱ्यांदा मोजलं तरी यंत्राच्या पडद्यावर तोच आकडा आला. शून्य.

नीना दाबकेनं मापकाची नळी गुंडाळली आणि ती स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली. उजवा गुडघा ठणकत होता. पहाटे साउथहॅम्प्टनहून निघून ती मेडनहेडला आली होती, आणि गेले दोन तास घर आणि पाणी तापवणाऱ्या या एकाच बॉयलरभोवती फिरत होती. बावीस वर्षं ती हेच करत आली होती. कुणाच्या घरी गॅसनं माणूस दगावलं किंवा थोडक्यात वाचलं, की सुरक्षा खात्यातर्फे जायचं, तपासायचं आणि चूक कुणाची ते लिहून द्यायचं. बहुतेक वेळा अर्ध्या तासात उलगडा व्हायचा. आज होत नव्हता.

आठ दिवसांपूर्वी, गुरुवारी सकाळी, या घराच्या वरच्या मजल्यावर मधुमती टिपणीस बेशुद्ध सापडल्या होत्या. वय अठ्ठ्याहत्तर, एकट्या राहणाऱ्या. रक्तात कार्बन मोनॉक्साइड भिनलेला. गॅस नीट जळला नाही की तयार होणारा हा वायू माणसाला झोपेतच नेतो. शेजारचे नंदू परचुरे दर गुरुवारी त्यांना गाडीनं बाजारात न्यायचे. बेल वाजवूनही दार उघडेना, तेव्हा ते जवळच्या किल्लीनं आत गेले. त्यांनी खिडक्या उघडल्या, अँब्युलन्स बोलावली. आणखी तासभर गेला असता तर बाई हाती लागल्या नसत्या, असं डॉक्टरांनी लिहिलं होतं.

दोष कुणाचा, याबद्दल कुणालाच शंका नव्हती. बॉयलर सप्टेंबरात नवा बसवला होता. बसवणारा यतीन मोहिते, वय एकतीस. त्याचा परवाना त्याच संध्याकाळी स्थगित झाला होता.

"झालं का?" दारातून रघुवीरनं विचारलं. मधुमतीबाईंचा हा मुलगा रीडिंगला एका सॉफ्टवेअर कंपनीत होता. आठ दिवस हॉस्पिटल आणि ऑफिस करून त्याचे डोळे खोल गेले होते. "आई उद्या डिस्चार्ज होतीये. मला तुमचा रिपोर्ट हवाय. त्या माणसानं पुन्हा कुणाच्या घरात पाय ठेवता कामा नये."

"बॉयलर चांगला आहे," नीना म्हणाली.

"म्हणजे?"

"या बॉयलरला दोन पाइप आहेत. एक बाहेरची हवा आत ओढतो, दुसरा जळलेला वायू बाहेर टाकतो. दोन्ही तुमच्या आईच्या खोलीच्या कोपऱ्यातून वर छपराखालच्या लॉफ्टमध्ये जातात आणि छपरातून बाहेर पडतात. मी प्रत्येक जोड तपासला. कुठूनही काही गळत नाही."

"मग आईच्या रक्तात ते आलं कुठून?"

"तेच शोधतेय. त्या रोज वर झोपायच्या?"

"हो. लॉफ्टचं झाकण तिच्या खोलीच्या दारातच आहे."

"आणि हा अलार्म?" नीनानं बॉयलरशेजारच्या पांढऱ्या डबीकडे बोट दाखवलं. "कार्बन मोनॉक्साइडचा. हा वाजला का?"

"नाही. बिघडला असेल."

नीनानं खिशातून चाचणीच्या गॅसचा छोटा डबा काढला आणि अलार्मखाली फवारा मारला. दहा सेकंदांत अलार्म किंचाळायला लागला. रघुवीरनं कानांवर हात ठेवले.

"बिघडलेला नाही," ती म्हणाली. "वायू इथं बॉयलरपाशी सुटला असता, तर आधी हा वाजला असता."

*

यतीन रस्त्याच्या पलीकडे व्हॅनमध्ये बसून होता. नीनानंच त्याला बोलावलं होतं. ती शेजारच्या सीटवर चढून बसली, तेव्हा त्यानं न विचारताच फोन पुढे केला.

"प्रत्येक जॉइंटचा फोटो आहे. पाइप मी नीट लावली. प्रत्येक ठिकाणी स्क्रू, प्रत्येक ठिकाणी रबर सील. उतार पण बॉयलरकडे ठेवली, म्हणजे पाणी परत येते." तो इथेच जन्मलेला, त्याचं मराठी आईकडून ऐकून आलेलं. "माझा चूक नाही. पण आता कोण ऐकणार?"

"मी ऐकतेय. या गल्लीत आणखी कुणाचं काम केलंस?"

"केलं नाही. शेजारच्या अंकलनी फक्त खर्चाचा कोट घेतला. नंदू अंकल. त्यांच्या बॉयलरचा पाइप मागच्या वॉलमधून बाहेर येते आणि सगळा वाफ या घरातल्या आंटीच्या बेडरूमच्या खिडकीवर जातो. आंटी वैतागली होती, वॉलपेपरला बुरशी आली. मी सांगितलं, पाइप लॉफ्टमधून वर न्यायची आणि रूफमधून बाहेर काढायची. पण स्कॅफोल्डिंग लागेल, रूफर मार्चच्या आधी मिळणार नाही."

"मग?"

"ते म्हणाले, मार्चमध्ये बघू. मग फोन आला नाही." त्यानं स्टीअरिंगवर डोकं टेकवलं. "माझी पाच जॉब कॅन्सल झाली. बाबा विचारतो, तू खरंच काही विसरला का? बाबा पण विचारतो."

नीनाला काही बोलावंसं वाटलं, पण तिच्याकडचे धीर द्यायचे शब्द कधीच संपले होते. "इथेच थांब," एवढंच ती म्हणाली.

*

लॉफ्टच्या शिडीवर तिला दोनदा थांबावं लागलं. वर टॉर्च लावून ती गुडघ्यांवर पुढे सरकली. यतीनचे दोन पांढरे पाइप सरळ छपरात गेले होते. त्यांच्याभोवतीचं लाकूड कोरडं, धूळ जागच्या जागी.

मग तिनं टॉर्च दुसरीकडे वळवला.

परचुऱ्यांच्या बाजूच्या सामाईक भिंतीजवळ छपराचे वासे काळपट पडले होते. काळी बुरशी, आणि तीही ताजी. कौलांच्या खिळ्यांची टोकं खाली डोकावत होती आणि प्रत्येक टोकावर बर्फाचा मणी लटकत होता. तिनं बोट लावलं. पाणी इथं थेंबाथेंबानं साचलं होतं आणि मग गोठलं होतं.

छप्पर गळत असेल? पण गेले पंधरा दिवस पावसाचा थेंब नव्हता. नुसती कोरडी, कडाक्याची थंडी.

तिनं भिंतीवर उजेड टाकला. शंभर वर्षांची, एकाला एक लागून बांधलेली ही घरं. खालच्या भिंती भक्कम, पण लॉफ्टमधली भिंत गवंड्यानं कंटाळून अर्धवट सोडलेली. छपराजवळ चार-पाच विटांची जागा रिकामी होती. पलीकडे अंधार होता.

ती खाली उतरली, जिन्यावर बसली आणि तिनं हॉस्पिटलात फोन लावला. मधुमतीबाईंचा आवाज क्षीण होता, पण स्वच्छ.

"मावशी, त्या गुरुवारच्या आधी बरं वाटत नव्हतं का?"

"डोकं दुखायचं गं. संक्रांतीच्या आधीपासून. मळमळायचं. जीपी डॉक्टर म्हणाला व्हायरस आहे. गंमत म्हणजे शनिवार-रविवार रघूकडे रीडिंगला गेले की बरं वाटायचं. मी म्हटलं, नातवंडांचं औषध लागू पडतंय."

"आणि घरी परत आलात की?"

"दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच."

"खिडकीवर वाफ यायची म्हणे, नंदूकाकांच्या बॉयलरची. तिचा त्रास अजून होता?"

"छे, ती थांबली की. ख्रिसमसपासून एकदम बंद. मी त्याला चांगली सुनावली होती, त्याच्या मनाला लागलं असेल. चांगला माणूस आहे तो. त्यानंच वाचवलं मला."

नीनानं फोन ठेवला, आणि ती तशीच पायरीवर बसून राहिली. थकवा होताच. त्यात आता संशय मिसळला.

*

परचुऱ्यांच्या घरी त्यांच्या पत्नी कस्तुरीबाईंनी दार उघडलं. अंगात जाड कोट, डोक्याला लोकरीचा स्कार्फ. आतल्या खोलीतही श्वास दिसत होता. कोपऱ्यात विजेचा छोटा हीटर लाल होऊन धडपडत होता.

नंदू परचुरे चहा घेऊन आले. अडुसष्ट वर्षांचे, काटक. तिशीपर्यंत पुण्यात यंत्रांच्या कारखान्यात होते, मग इकडे इंग्लंडात आले. त्यांच्या हाताची बोटं अजून कारागिराची होती.

"तुम्ही जबाबात लिहिलंय, आत गेल्यावर बॉयलरचा जळका वास आला," नीना म्हणाली.

"आला ना. चांगलाच."

"कुठे?"

"किचनमध्ये. बॉयलरपाशी. मी तेव्हाच म्हटलं, त्या पोरानं काहीतरी घोळ घातलाय."

"फायर ब्रिगेडनं तुमच्याकडेही पाहिलं?"

"खाली मीटर फिरवला. काही मिळालं नाही. आमचा बॉयलर ठीक आहे."

"मग बंद का?"

त्यांनी कप बशीवर ठेवला. "काटकसर. गॅस किती महाग झालाय."

"अहो, कसली काटकसर," कस्तुरीबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात तक्रार होती, संशय नव्हता. "गेल्या बुधवारपर्यंत घर कसं उबदार होतं. गुरुवारी मधुमतीचं ते झालं आणि यांनी घेतला धसका. तेव्हापासून हात लावू देत नाहीत. भांडीसुद्धा किटलीतल्या पाण्यानं धुतेय मी. पण एक झालं, माझं डोकं दुखायचं थांबलं."

"तुमचंही दुखायचं?"

"जानेवारीभर. माझे गुडघे गेल्यापासून आम्ही खालीच झोपतो. मी म्हटलं, खालच्या खोलीत ऊन नाही म्हणून असेल."

नीनानं चहा संपवला. गार झाला होता, तरी संपवला. मग ती म्हणाली, "मागची बाग बघू का?"

बागेत गवत पांढरं पडलं होतं. सकाळचे साडेदहा झाले तरी दहिवर विरलं नव्हतं. ओळीतल्या प्रत्येक घराच्या मागच्या भिंतीतून किंवा छपरातून पांढरी वाफ निघत होती. फक्त परचुऱ्यांच्या भिंतीवरचं पाइपचं गोल तोंड कोरडं होतं. त्यावर कोळ्याचं जाळं होतं, एकही धागा न तुटलेलं. नीना त्याच्या अगदी खाली गेली. जाळ्यात पानांचा चुरा अडकला होता, वाळून तांबूस झालेला. बागेतल्या झाडांवर तर महिन्याभरापासून एक पान उरलेलं नव्हतं, आणि बॉयलर बंद होऊन आठच दिवस झाले होते.

ती आत आली आणि म्हणाली, "तुम्ही दोघंही शेजारी या. रघुवीरला आणि यतीनला बोलावते. एकदाच सांगते."

*

मधुमतीबाईंच्या बैठकीच्या खोलीत पाच माणसं. यतीन दाराला टेकून उभा, कुणाकडेही न पाहता. रघुवीर खिडकीशी, त्याच्याकडे पाठ करून. नीना खुर्चीत बसून बोलली. उभं राहण्याची ताकद नव्हती, आणि गरजही नव्हती.

"कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो," ती म्हणाली. "कधी कधी सोबत जळका वास येतो, पण त्यासाठी बॉयलरमध्ये काजळी हवी. मी तो उघडून पाहिला. आत काजळीचा कण नाही. म्हणून मला पहिला प्रश्न पडला. वास कुणालाच आला नसणार, तर परचुरे तो का सांगताहेत?"

नंदू परचुरे जमिनीकडे पाहत होते.

"अलार्म खाली, बॉयलरशेजारी. तो चालू आहे, पण वाजला नाही. म्हणजे वायू खालून वर गेला नाही, वरून खाली आला. मावशी लॉफ्टच्या झाकणाखाली झोपतात. आणि लॉफ्ट एका बाजूनं ओला आहे. पाऊस नाही, तरी ओला. गॅस जळला की पाण्याची भरपूर वाफ होते. बागेत आपल्याला दिसते ती तीच."

"पण तुम्ही म्हणालात, पाइप गळत नाहीत," रघुवीर म्हणाला.

"या घराचे नाही. ओल शेजारच्या भिंतीच्या बाजूला आहे, आणि त्या भिंतीत छपराजवळ भोक आहे." ती क्षणभर थांबली. "ख्रिसमसपासून परचुऱ्यांच्या भिंतीतून वाफ यायची थांबली, असं मावशी सांगतात. कस्तुरीताई सांगतात, घर गेल्या बुधवारपर्यंत उबदार होतं. दोघी खरं बोलताहेत. म्हणजे महिनाभर बॉयलर चालत होता आणि भिंतीतून वाफ येत नव्हती. मग ती वाफ जात कुठे होती?"

यतीननं मान वर केली. त्याला कळलं होतं.

"लॉफ्टमध्ये," तो हळूच म्हणाला. "पाइप वर नेली आणि रूफमधून काढलीच नाही."

"दोन्ही पाइप," नीना म्हणाली. "घोळ तिथेच झाला. धुराचा पाइप एकटाच लॉफ्टमध्ये उघडा राहिला असता, तर चांगल्या बॉयलरमधून विष फार कमी आलं असतं. पण हवा ओढणारा पाइपही शेजारीच उघडा. बंद लॉफ्टमध्ये बॉयलर स्वतःच टाकलेला वायू पुन्हा आत ओढत राहिला. प्राणवायू कमी होत गेला, ज्योत बिघडत गेली, विष वाढत गेलं. हवा सौम्य होती तोवर नुसती डोकेदुखी. मग ही थंडी आली, बॉयलर रात्रभर चालला, आणि बुधवारी रात्री सगळं भिंतीच्या भोकातून या बाजूला आलं. परचुरे, तुमच्या लॉफ्टचं झाकण उघडू, की तुम्ही सांगता?"

नंदू परचुऱ्यांनी दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवले.

"उघडायची गरज नाही," ते म्हणाले. "मार्चपर्यंतच ठेवायचं होतं. वहिनी रोज वाफेवरून बोलायच्या. रोज. मी म्हटलं, आपण आयुष्यभर यंत्रं जोडली, दोन पाइप वळवायला काय लागतं? लॉफ्टमध्ये वारा असतो, निघून जाईल असं वाटलं. जुनं तोंड भिंतीवर तसंच ठेवलं, कुणी विचारू नये म्हणून."

"आणि गुरुवारी?"

"वहिनींना पाहिलं आणि लगेच कळलं. खिडक्या उघडल्या, फोन केला, मग घरी पळत जाऊन बॉयलर बंद केला. फायरवाल्यांनी विचारलं तेव्हा..." त्यांनी यतीनकडे पाहिलं नाही. "तोंडातून निघून गेलं, वास आला म्हणून. एकदा बोललो, मग मागे घेता येईना."

"आठ दिवस," रघुवीर म्हणाला. तो ओरडला नाही. "रोज मला फोन करून आईची चौकशी करत होतात. रोज सांगत होतात, त्या मुलाला सोडू नकोस."

कस्तुरीबाई सावकाश उठल्या. नवऱ्याशेजारची जागा सोडून पलीकडच्या खुर्चीत बसल्या आणि डोक्याचा स्कार्फ काढून मांडीवर ठेवला. "मला सांगायचं होतंत," त्या म्हणाल्या. "माझंही डोकं दुखत होतं. तुम्ही मला गोळ्या आणून देत होतात."



रघुवीर यतीनसमोर जाऊन उभा राहिला. त्याला माफी मागायची होती, पण शब्द जुळेनात. यतीनच म्हणाला, "आंटीला बरं वाटतं ना आता?" रघुवीरनं होकारार्थी मान हलवली.

*

पुढची कामं ठरलेली होती. नीनानं परचुऱ्यांच्या घरचा गॅस तोडला, मीटरला सील लावलं, लॉफ्टमधले पाइप होते तसेच ठेवून फोटो काढले. करड्या रंगाचे, सांडपाण्याला वापरतात तसले पाइप, सोल्युशननं चिकटवलेले, दोन्हींची तोंडं हातभर अंतरावर. त्यांच्या स्मार्ट मीटरवर गॅसचा रोजचा वापर दिसत होता, आणि त्या गुरुवारी सकाळी नऊच्या सुमाराला तो थांबला होता. दुपारी पोलीस आले आणि परचुऱ्यांना जबाबासाठी घेऊन गेले. यतीनचा परवाना परत द्यावा, असं तिनं गाडीत बसून खात्याला लिहिलं. रद्द झालेली पाच कामं मात्र ती परत आणून देऊ शकत नव्हती.

मग ती रघुवीरबरोबर हॉस्पिटलात गेली. ते तिचं काम नव्हतं. पण रघुवीर म्हणाला होता, "मला सांगता येणार नाही, तुम्ही सांगा."

मधुमतीबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग चादरीची कड बोटांत धरली.

"मी वाफेवरून बोलले नसते तर?"

"तुमची तक्रार बरोबर होती," नीना म्हणाली. "त्यांनी उत्तर चुकीचं शोधलं. आणि मग त्याचं खापर दुसऱ्यावर फोडलं."

बाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. कारपार्कमध्ये दिवे लागत होते.

"कस्तुरी कुठेय?"

"घरीच. गॅस बंद आहे, पण हीटर आहे."

"त्या हीटरनं एक खोली तापत नाही." त्यांनी रघुवीरला जवळ बोलावलं. "तिला आपल्या घरी आण. खालच्या खोलीत झोपू दे. आपला बॉयलर चांगला आहे, या बाई सांगताहेत ना."

"आणि काका परत आले तर?" रघुवीरनं विचारलं.

मधुमतीबाईंनी डोळे मिटले. रघुवीरला वाटलं, त्या झोपल्या.

"त्यानं आधी त्या मुलाच्या घरी जावं," त्या म्हणाल्या. "त्याच्या वडलांसमोर सांगावं. मग माझ्या दारात यावं. उघडायचं की नाही, ते मी तेव्हा बघेन."